जाऊन-येऊन तेरा

त्याला सगळे तेरामामा म्हणत. जुनी छोटी पिकअप विकत घ्यायच्या आधी लोक ती त्याच्या गॅरेजात आणून दाखवत, आणि विकणाऱ्याने छातीठोकपणे कितीही ॲव्हरेज सांगितलं तरी मामाचं उत्तर ठरलेलं असे, "लिटरला तेरा धरा." अठरा हा आकडा, तो म्हणायचा, गाडी नवी असतानाचा, उतारावरचा आणि सासऱ्याला सांगायचा. विकणारे त्याच्या नावाने बोटं मोडत, घेणारे मात्र त्याचा शब्द प्रमाण मानत. त्याची विद्या ती काय, टाकी गळ्यापर्यंत भरायची, लांब जाऊन यायचं, त्याच पंपावर पुन्हा गळ्यापर्यंत भरायची आणि भागाकार करायचा.

घरची पिकअप त्याच्या बायकोची होती. ती त्यातून बेकरीचा पाव दुकानादुकानांत पोचवायची. गाडी ती मामापेक्षा चांगली चालवायची, आणि हे त्याला रोज एकदा तरी ऐकवायची. मागच्या वर्षी ती आजारपणात गेली. तेव्हापासून गाडी मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होती आणि ताडपत्रीला हात लावायची कुणाची छाती झाली नव्हती.

"बाबा, मला काम मिळतंय," एका सकाळी लेक म्हणाली. दूरच्या एका बेकरीला स्वतःची गाडी असलेलं माणूस हवं होतं. "या महिन्यात गेले नाही तर ते दुसरं कुणी बघतील. आणि आता नाही गेले तर मी कधीच जाणार नाही, हे मला माहितीये."

मामालाही माहीत होतं. लेक वर्षभर त्याच्यासाठी घरात अडकून पडली होती, आणि त्याने त्याकडे सरळ काणाडोळा केला होता, कारण तिच्याशिवाय घर त्याला खायला उठायचं. आता त्याने मुकाट्याने ताडपत्री काढली, तेल, फिल्टर, बॅटरी सगळं बदललं आणि ॲव्हरेज काढून आणलं.

"तेरा," तो म्हणाला. "बिनघोर जा."

तेराच्या हिशेबाने, वर थोडं जास्त, डिझेल भरून त्याने लेकीला पाठवलं. अर्ध्याहून थोडा जास्त रस्ता गेल्यावर गाडी बंद पडली. टाकी कोरडी ठणठणीत.

मामा बसने कॅन घेऊन पोचला. गळती नव्हती, धूर नव्हता, चाकं उचलून फिरवली तर हाताने गरगर फिरत होती. ते गाडी घेऊन घरी परतले. कॅनमधलं डिझेल अर्ध्या वाटेतच संपणार म्हणून तो मीटरच्या काट्याकडे डोळे लावून बसला होता, पण काटा जागचा हलेना. दारात पोचले तेव्हाही टाकीत डिझेल हेलकावत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने आयुष्यात पहिल्यांदाच जाताना आणि येताना असं वेगवेगळं मोजलं. पलीकडच्या टोकाच्या पंपावर टाकी भरली तेव्हा त्याने भागाकार दोनदा करून पाहिला. जाताना आठ. आठ म्हणजे हौद्यात माल छपरापर्यंत रचलाय असा आकडा, आणि हौदा तर रिकामा होता. येताना आलं पस्तीस. रस्ता सपाट, वारा पडलेला, आणि जुनी पिकअप पस्तीस देते असं कुणी सांगितलं असतं तर मामाने त्याला वेड्यात काढलं असतं. जाऊन-येऊन मात्र बरोबर तेरा. जन्मभर ज्या भागाकारावर त्याने भरवसा ठेवला, त्यानेच त्याच्या डोळ्यांत धूळ फेकली होती.

लेकीला त्याने एवढंच सांगितलं, "मी येतो बरोबर. टाकी फुल्ल करून निघू."

फाटकातून बाहेर पडताच इंजिन घुमायला लागलं. लेक गिअर खाली आणत होती, गाडी कण्हत होती. निम्म्या वाटेवर तिने गाडी कडेला घेतली. दुपारची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मामा उतरून मागे गेला. रिकाम्या हौद्याखालचे स्प्रिंगचे पाटे पार दबून बसले होते.

"बाबा, एक सांगायचं राहिलंय," लेक मागून म्हणाली. "आईने शेवटी मला म्हटलं होतं, बाबांना एकटं टाकू नकोस. मी हो म्हटलं होतं." ती रडत होती. "चला, परत जाऊ. बघा, घराकडे तोंड केलं की कशी पळते ती."

त्या क्षणी मामाला परत जावंसं वाटलं, अगदी मनापासून. नुसतं हो म्हटलं असतं तरी काम झालं असतं, आणि दोष कुणाच्या माथी आला नसता. त्याने खालच्या त्या पाट्यांकडे पाहिलं आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

त्याने आपली पिशवी काढून घेतली आणि हौद्याच्या फळीवर हात ठेवला. फळी उन्हातही गार होती.

"अगं, ऐक," तो हळू आवाजात म्हणाला. "तिला जाऊ दे. मी एकटा राहीन म्हणून जीव टांगणीला लागलाय ना तुझा? मग तिला कशाला धरून बसलीस? माझ्याबरोबर चल. उतर."

बराच वेळ काही झालं नाही. मग एक पाटा करकरला, आणि हौदा एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, एखादं जड माणूस बेताबेताने उतरावं तसा वर आला.

लेकीने ते पाहिलं. मामाने तिला हाताला धरून सीटवर बसवलं, दार लावलं आणि म्हणाला, "मागे बघू नको. पोचलीस की फोन कर."

संध्याकाळी फोन आला. "पोचले, बाबा. तुम्ही उतरल्यावर पुढच्याच पंपावर टाकी भरली, तिथून मोजलं. तेरा."

"मग! मी म्हटलंच होतं," मामा म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात गॅरेजला जाताना त्याची स्कूटर चौकातच आचके देऊन थांबली. पेट्रोल संपलं होतं, आणि त्याच्या हिशेबाने ते संपायला अजून दोन दिवस होते. त्याने सवयीने स्कूटर स्टँडवर घेऊन मागचं चाक फिरवलं. गरगर फिरलं. स्टँडवरून खाली उतरवली तर मागचा टायर किंचित दबला.

शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, "मामा, प्लग काढून बघू का? ॲव्हरेज पडलंय वाटतं."

"नको," मामा म्हणाला. "डबलसीटला एवढंच देते."

पंक्चरवाला हसला. मामाने बाटलीभर पेट्रोल ओतलं, सीटवर थोडा पुढे सरकून बसला आणि किक मारली.