माय वावरमा शे

गावातली पहिली शाळा पाडताहेत म्हणून परवा सोनगीरला गेले. भिंतींच्या चुन्याचा वास नाकात शिरला आणि पहिलीतला दिवस आठवला.

गुरुजींनी विचारलं, "आई कुठे आहे?"

"माय वावरमा शे."

कुणी हसलं नाही. सगळ्यांच्याच माया वावरात होत्या.

"शे नाही, आहे म्हण," गुरुजी शांतपणे म्हणाले.

संध्याकाळी माय म्हणाली, "भाकर गरम शे, बस."

मी गुरुजींच्याच सुरात म्हटलं, "शे नाही, आहे म्हण."

माय हसली. पण पुढे माझ्याशी बोलताना ती आधी थांबायची. मग नुसतं ताट सरकवू लागली. मला वाटायचं, शिकतेय.

ती गेली तेव्हाही भेटायला आलेल्यांना मी सांगत होते, माय मुळातच अबोल होती.