अंदाजानं काढलेला किनारा

बहात्तर साली पाथर्डीत माझ्याएवढा हुशार कोणी नव्हता, असं निदान माझं मत होतं. मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो आणि भाड्याच्या खोलीत आभाळातले फोटो उतरवायचो. नगरच्या भंगारबाजारात लष्कराचा जुना रेडिओ स्वस्तात मिळाला होता. बांबूला तांब्याची तार बांधून एरियल केली. सकाळी नऊच्या सुमारास हवामानाचा उपग्रह डोक्यावरून जायचा, तेव्हा रेडिओतून शिट्टी आणि ठोके ऐकू यायचे. ते टेपवर घ्यायचे. मग खोलीत अंधार करून वनस्पती तुपाच्या डब्याला फोटोचा कागद गुंडाळायचा, डबा मोटरवर फिरवायचा आणि त्या आवाजाबरोबर कमीजास्त होणारा बारीक दिवा कागदावरून सरकवायचा. कागद धुतला की ढग पांढरे दिसत. बाकी सगळी खरखर.

थोरला भाऊ गावाकडे शेती बघायचा. श्रावण सरत आला तरी पावसाचा पत्ता नव्हता आणि कडबा संपत आला होता. बैल गेले तर रब्बीची पेरणीही गेली, हे दादाला कळत होतं. तरी दोन्ही बैल येत्या बाजारी घोडेगावला विकायला न्यायचे त्यानं ठरवलं होतं. उशीर केला तर गिऱ्हाईकच मिळालं नसतं. आदल्या दिवशी तो माझ्या खोलीवर आला.

"न्यावं का थांबावं? तुज्या फोटूत काय दिसतंय?"

त्या सकाळच्या फोटोत एक जाड पांढरा पट्टा होता. पण ढग नेमके कुठं आहेत ते ज्यावरून कळतं, तो समुद्राचा किनारा मात्र त्या खरखरीत कुठंच सापडेना. मी शाळेच्या नकाशात बघून पेन्सिलीनं तो अंदाजानं काढला, तर पट्टा नेमका आपल्या जिल्ह्यावर आला. हा अंदाज आहे एवढं सांगायला काय जात होतं माझं? पण थोरल्यानं आजवर मला कधी काही विचारलं नव्हतं. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो.

"थांब," म्हणालो. "चार दिवसांत येतोच पाऊस."

"तू म्हनतोस तर थांबतो."

आठवड्याभरानं एक स्वच्छ फोटो आला. त्यात किनारा स्पष्ट होता. शेजारी जुना फोटो ठेवला, तेव्हा त्यातही खंभातच्या आखाताची खाच दिसली. माझा किनारा अंगठाभर चुकला होता. तो पट्टा सगळा समुद्रावर होता. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. मला स्वतःची किळस आली.

दादाला खरं सांगायचं म्हणून पहिल्या एस.टी.नं गावी गेलो. गोठ्यासमोर माणसं जमली होती. धाकटा बैल बसला होता, आणि चौघांनी जोर लावूनही उठत नव्हता.

"काय मास्तर, कुठं हाय तुमचा पाऊस?" शेजारी म्हणाला.

मी तोंड उघडणार तोच दादा त्याच्यावर खेकसला, "त्यानं ढग बघितलं हुतं! वाऱ्यानं नेलं, त्याला त्यो काय करील?"

मी होकाराची मान हलवली.

तो बैल उठला नाही. दुसरा पुढच्या बाजारी मातीमोल गेला. दिवाळीनंतर दादा-वहिनी ऊस तोडायला गेले, आणि पुढं दर वर्षी जातच राहिले. दादा मरेपर्यंत त्या वाऱ्याला शिव्या देत होता, आणि मी त्या देऊ दिल्या.