ढोलाच्या खोडातली भोकं

हैदराबादहून जुनी वाद्यं विकत घेणारा एक माणूस पूर्णेला येणार आहे, असा निरोप आला तेव्हा मी हरभऱ्याला पाणी देत होतो. निरोप माझ्या बँडमधल्या जोडीदाराचा होता. "माझा ड्रमसेट बघायला येतोय. तू ये. त्याचं काय झालं ते तुझ्याबिगर कोण सांगणार?"

त्या ड्रमसेटचं काय झालं होतं ते खरोखरच माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. जोडीदाराला मी आठ-नऊ वर्षांपूर्वी जे सांगितलं होतं ते खोटं होतं. आता जाणत्या नजरेचा माणूस येणार, ढोल उलटा करून आत बघणार आणि जोडीदारासमोर बोलणार. पाणी बांध फोडून शेजारच्या वावरात गेलं तरी मला कळलं नाही.

मी गावातला, तो वस्तीतला. लग्नसराईत मी त्याच्या बँडमध्ये साईड ड्रम वाजवायचो. वडील म्हणायचे, "कुणब्याच्या घरात ताशा शिरला, आता बैलांना सनई शिकीव." पण मला दुसरं काही येत नव्हतं, आणि त्याच्याइतकं चांगलं वाजवणारा माणूस मी पाहिला नव्हता. तो पूर्णेच्या रेल्वेत झाडूकामाला होता. तिथल्या साहेब लोकांच्या नाचघरात हा सेट होता. त्यांच्यातला शेवटचा गार्ड गाव सोडून गेला तेव्हा जाताना त्याला देऊन गेला. एक मोठा ढोल, एक मधला, एक साईड ड्रम. विलायती. लाकडी खोडावर, म्हणजे ढोलाच्या अंगावर, शिंपल्यासारखं चमकणारं पांढरं आवरण आणि प्रत्येकावर बनवणाऱ्याचा पितळी बिल्ला. गार्डानं त्याला बजावलं होतं की पान, म्हणजे तोंडावरचं कातडं, फाटलं तर नवं चढव, खोडाला मात्र हात लावू नको. त्यानं खरंच कधी लावला नाही. लग्नात कुणी ढोलावर अक्षता टाकल्या तरी तो आधी फडक्यानं पुसायचा, मग वाजवायचा.

पावसाळ्यात लग्नं नसतात. त्याच्या घराचं छप्पर गळायचं, आमच्याकडं एक कोरडी खोली होती. म्हणून दरवर्षी आषाढात त्याचे ढोल बैलगाडीतून आमच्या घरी यायचे आणि तुळशीचं लग्न लागलं की परत जायचे. आई कुरकुर करायची, पण ज्वारीच्या कणगीशेजारी जागा करून द्यायची.

विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव आगी लागल्या, त्या वर्षीही ते आमच्याच घरात होते.

जयंतीला त्यानं मोठ्या ढोलाच्या पुढच्या पानावर निळं चक्र काढलं होतं आणि दोन्ही ढोलांच्या खोडाभोवती तेलानं पुसून निघेल असा निळा पट्टा ओढला होता. पलीकडच्या गावात वस्ती पेटल्याची बातमी सकाळी आली. दुपारी घरचे सगळे खुरपणीला गेलेले. मी खोलीत गेलो तर ते चक्र सरळ माझ्याकडं बघत होतं. मी दाराला आतून कडी घातली.

पान काढायला वेळ लागला नाही. ते कडब्यात लपवलं असतं, पट्टा तेलाच्या बोळ्यानं पुसला असता, तर भागलं असतं. हे मला तेव्हाही कळत होतं. पण हात ऐकेनात. खुरपं घेऊन पट्टा खरवडायला लागलो तर खालचं आवरण ओरखडलं. मग जिथं ते जोडलं होतं तिथं खुरप्याचं टोक घातलं आणि ओढलं. सबंध आवरण उसाच्या पाचटासारखं सोलून निघालं. दुसऱ्या ढोलाचंही काढलं. बिल्ल्यांवर कसलंच निळं नव्हतं, तरी तेही उपटले. नंतर वाटलं, आता हे नागडं लाकूड बघून तर जास्तच विचारतील. म्हणून गिरमिट आणलं, खोडाला माप घेऊन सहा-सहा भोकं पाडली, बैलांच्या म्होरकीच्या कड्या बसवल्या आणि दोर ओवले. देवळातल्या ढोलासारखं दिसावं म्हणून. शेवटी पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावायचा लाल रंग मागच्या वर्षीचा डब्यात उरला होता, तो फासला.

साईड ड्रमला मी हात लावला नाही. त्यावर पट्टा नव्हता म्हणून, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं कारण असं, की तो मी वाजवायचो.

दुसऱ्या दिवशी चुलतभाऊ तिघा-चौघांना घेऊन ओट्यावर आला.

"काय रं, त्याचे ढोल हायेत म्हणं तुझ्याकडं?"

"न्हाईत. हायेत ते भजनाचे."

"भजनाला ढोल लागतोय? देव भैरा झाला की काय तुमचा?"

सगळे हसले. मीही हसलो. पाणी प्याले आणि गेले. खोलीत कुणी डोकावलं नाही, एका बोटानंही कुणी काही उचकटलं नाही. त्याच दिवशी वस्तीतल्या कडब्याच्या गंजी आणि तीन घरं जळाली. जोडीदार बायकोला घेऊन आदल्याच दिवशी पूर्णेला निघून गेला होता. त्याची म्हातारी आई मागं राहिली, ती पुढच्या वर्षी वस्तीतच वारली.

तुळशीच्या लग्नानंतर मी गाडी जुंपून ढोल त्याच्या क्वार्टरवर पोचवले. वाटेत काय बोलायचं ते ठरवत होतो. त्यानं पोतं बाजूला केलं, लाल खोडावरून हात फिरवला. मी म्हणालो, "पोरं घरात घुसली. मला आवरली न्हाईत."

त्यानं पोतं पुन्हा ढोलावर ओढलं. मग म्हणाला, "तुला मारलं बिरलं न्हाई ना?"

"न्हाई."

"माझ्यापायी तुझ्या घरात शिरले. लय वाईट झालं गड्या."

तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याच्या बायकोनं चहा आणला, मी तो प्यालो.

हैदराबादचा माणूस साध्या पायजम्यातला, चष्मेवाला, मऊ बोलणारा निघाला. अंगणात बाज टाकली होती. त्यानं आधी साईड ड्रम मांडीवर घेतला, बिल्ल्यावर फुंकर मारली आणि लहान मुलाला बघावं तसा बघत राहिला. पान नवं होतं, त्याबद्दल काही बोलला नाही. दोन खिळे बदललेले होते, त्यावर मान हलवली. जोडीदारानं विचारलं तेव्हा त्यानं समजावलं की पान म्हणजे चपलेचा तळ, झिजणार, बदलणार, त्यानं किंमत कमी होत नाही. खिळ्यांनी थोडी होते. आवरण गेलं की निम्मी गेली. बिल्ला गेला की वस्तू कुठली, कुणाची, हे कुणी मानत नाही.

"और खोड में सुराख?" तो म्हणाला. "सुराख भर सकते जी, मगर भरा हुआ सुराख भी सुराखच रहता. फिर वो चीज बजाने की हो जाती, संभाल के रखने की नहीं रहती."

मग त्यानं मोठा ढोल उलटा केला आणि भोकात करंगळी घातली.

"ये किसने किया?"

"दंगलीत झालं साहेब," जोडीदार म्हणाला.

त्यानं चष्मा काढला. "दंगेवाला तोड़ता. जलाता. ये देखो, छे के छे सुराख एक नाप में. रंग सुराख के अंदर तक उतरा है, मतलब पहले सुराख, बाद में रंग. मियाँ, दंगेवाला गिरमिट ले के आता क्या?"

जोडीदारानं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत संशय नव्हता, आणि त्यामुळंच मला तिथून पळून जावंसं वाटलं. तो फक्त विचारत होता. मी तोंड उघडलं आणि त्यातून जे निघालं ते ऐकून मलाच आश्चर्य वाटलं.

"देवळात न्यायचा व्हता त्यांना. दोन दिवस ठोकठाक केली त्यांनी. मी आडवा पडलो, म्हणून राहिला."

"बघा साहेब," जोडीदार म्हणाला, "ह्यानं राखला."

"हौ," तो माणूस म्हणाला आणि ढोल हळूच खाली ठेवला. मग साईड ड्रमकडं बोट केलं. "और ये कैसे बच गया?"

मी बाजेची सुटलेली सुतळी आत खोचायला लागलो. त्या माणसानं त्या एकट्याची चांगली किंमत सांगितली. मोठ्यांना तो जळणाच्या भावानंही घेणार नव्हता. जोडीदार म्हणाला, एकटा देत नाही, तिघं एका घरातले आहेत. तो माणूस गेला. जाताना त्यानं माझ्या हातांकडं पाहिलं, असं मला वाटलं. कदाचित नसेलही पाहिलं. पण त्यानंतर कितीतरी दिवस मी जोडीदारासमोर हात खिशात घालून बसायचो.

पुढं सहा-सात वर्षांनी, नामविस्ताराच्या जानेवारीत, पुन्हा अफवा उठल्या. मी पूर्णेला बाजाराला गेलो होतो. जोडीदार स्टेशनाबाहेर भेटला, घाईत होता.

"बरं झालं भेटलास. बायकोला आठ दिस तुझ्याकडं धाडतो. काय व्हतंय काय न्हाई."

"नको धाडू."

"कामून?"

"माझ्या भरवशावर नको धाडू."

तो हसला. "आता म्हातारपणी लाजायलास का? ढोलासाठी आडवा पडला व्हतास की."

मी तिथंच, टांगेवाल्यांच्या गर्दीत उभ्यानं सगळं सांगून टाकलं. खुरपं, गिरमिट, पोळ्याचा रंग. घरात कुणी शिरलं नव्हतं, हेही. त्यानं मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"कुणीच न्हाई आलं?"

"ओट्यावर आले. पाणी पिऊन गेले."

तो ढोलाबद्दल एक शब्द बोलला नाही. म्हणाला, "आई गेली तव्हा मी फाट्यापर्यंत आलो व्हतो. एसटीतून उतरलो बी. मग वाटलं, एका ढोलासाठी हे लोक कुणब्याच्या घरात शिरले, तर मला कसे सोडतील? तसाच माघारी फिरलो. आईचं तोंड न्हाई बघितलं मी."

मला हे ठाऊक नव्हतं. मातीला तो आला नाही तेव्हा त्याला रजा मिळाली नसेल, असं मी समजत होतो.

"जा," तो म्हणाला. "तुझी बस लागली."

त्या दिवसांत पूर्णेत काही घडलं नाही. त्याची बायको आमच्याकडं आली नाही. तो त्यानंतर माझ्याशी बोललेला नाही, मीही गेलेलो नाही. पण बाजारात ती भेटते. पिशवी खाली ठेवून थांबते आणि म्हणते, "भाऊजी, लय दिस झाले, घराकडं येत न्हाईत तुमी." त्यानं तिला सांगितलंय की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून मला अजून ओळखता येत नाही. येतो म्हणतो, आणि तिची पिशवी उचलून तिच्या हातात देतो.