तिने नाव विचारलं नव्हतं

रेल्वेत शेजाऱ्यापुढे डबा सरकवण्याआधी तुम्ही त्याचं आडनाव विचारता की नाही? खरं सांगा. ‘कुठले तुम्ही?’पासून सुरुवात करून दोन स्टेशनांत आडनावापर्यंत पोचायची आपली कला मला चांगली ठाऊक आहे.

ती मी पहिल्यांदा पाहिली नागपूरहून उमरेडकडे जाणाऱ्या छोट्या गाडीत. मी लहान, आईला टेकून बसलेली. समोरच्या बाईने पुरीभाजीचं पुडकं सोडलं आणि एक पुरी माझ्यापुढे धरली.

“भूक लागली का वं तुले?”

मी हात पुढे केला. तेवढ्यात तिने आईला विचारलं, “आडनाव काय वं बाई तुमचं?”

आईने सांगितलं. आजोबांनी नागपुरात दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात आडनाव पुटपुटायचं नाही, खणखणीत सांगायचं, असा नियमच होता. पुरी पुडक्यात परत गेली.

“थंडी झाली हो. पोरीले बाधीन.”

“आमच्या नावानं लवकर थंडी होते पुरी,” आई म्हणाली आणि तिने माझं तोंड खिडकीकडे वळवलं.

पुढे मी पत्रकांवर वाढले. वडील इतवारीतल्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. सभांची, मोर्चांची उरलेली पत्रकं घरी यायची आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी गणितं सोडवायची. समतेवर मी झोपेतही भाषण केलं असतं. त्या पुरीचं काय करायचं, हे मात्र एकाही पत्रकात छापलेलं नव्हतं.

म्हणून एका युवक परिषदेने मला युरोपात बोलावलं आणि परिषद संपल्यावर हाताशी रेल्वेचा पास उरला, तेव्हा मला राजवाडे पाहायचे नव्हते. मला रेल्वेचे डबे पाहायचे होते. इथे लोक अनोळखी माणसाला खायला देतात का? देण्याआधी काय विचारतात?

गाडी जर्मनीतली होती. डबा छोट्या खोलीसारखा. खिडकीशी डोक्याला रुमाल बांधलेली एक आजी, तिच्यासमोर मी, माझ्या शेजारी एक चष्मेवाला विद्यार्थी. दाराजवळ एक मिशीवाला माणूस पिशवी मांडीवर घेऊन अंग चोरून बसलेला. तो तुर्कस्तानातून मजुरीला आलाय, असं विद्यार्थ्याने मला इंग्रजीत हळूच सांगितलं होतं.

सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं. आजीने टोपली उघडली, काळसर पावाचा जाड तुकडा कापला, त्याला लोणी फासलं आणि माझ्यापुढे धरून म्हणाली, “नेमन! नेमन झी!”

नेम! म्हणजे नाव! इथेही तेच. मी ताठ बसून नाव सांगितलं. ती हसली. “नेमन!” मी आडनाव सांगितलं, आईसारखं खणखणीत. “नेमन, नेमन!” आता मी पेटले. वडिलांचं नाव सांगितलं, आजोबांचं गाव सांगितलं आणि तोडक्यामोडक्या इंग्रजीत जातीवर एक अख्खं पत्रक तोंडपाठ म्हटलं. सगळा वेळ माझी नजर तिच्या हातावर होती. तो आता मागे जाईल, मग जाईल. तिचा हात अवघडला, तेव्हा तिने दुसऱ्या हाताने कोपराला आधार दिला. पाव होता तिथेच राहिला.

विद्यार्थी डोळे पुसत होता, हसून हसून. “अहो बाई, ती नाव विचारत नाहीये! ‘नेमन’ म्हणजे घ्या. ती बिचारी केव्हाची घ्या-घ्या म्हणतेय आणि तुम्ही तिला खानदान सांगताय!”

मी पाव घेतला. आजी काहीतरी पुटपुटली.

“काय म्हणते?”

“म्हणते, या मुलीच्या देशात जेवणाआधीची प्रार्थना फारच लांब असते.”

मी हसता हसता दाराकडे पाहिलं. तो मजूर बाहेर बघत होता. तसं वळवलेलं तोंड माझ्या ओळखीचं होतं. टोपली त्याच्यापर्यंत गेलीच नव्हती. त्याला कुणी नाव विचारलं नव्हतं. न विचारताच सगळ्यांना कळलं होतं.

मी पाव मोडला आणि अर्धा त्याच्यापुढे धरला. “नेमन.”

त्याने छातीवर हात ठेवून नको म्हटलं. मी कोपराला आधार दिला आणि हात तसाच ठेवला. शेवटी त्याने घेतला.

आजीने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. बराच वेळ ती टोपलीत काहीबाही चाचपत राहिली. मग एक उकडलेलं अंडं काढून तिने त्याच्यापुढे धरलं. तोंडाने मात्र ‘नेमन’ म्हणाली नाही. काहून नसेल म्हणाली? मी अजून त्यावर विचार करते.

उमरेडची गाडी अजून धावते. तिच्यात किंवा दुसऱ्या कुठल्याही गाडीत तुम्ही पुढच्या वेळी डबा उघडाल, तेव्हा एवढं करा. आडनाव विचारण्याआधी हात पुढे करा, दाराजवळ बसलेल्यापर्यंत करा, आणि त्याने घेईपर्यंत मागे घेऊ नका.