एकाच परीक्षेला दोघी

महाडच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर गणित शिकवते. म्हणजे जेवढे तास तेवढं मानधन, आणि सुट्टी लागली की घरी. एका जूनमध्ये प्राचार्यांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "मुलांचा अ‍ॅप्टिट्यूड वाढवायचाय. गणित, रीझनिंग, भाषा, सगळंच. तुम्ही स्वतः अजून स्पर्धा परीक्षा देताय ना? मग तुमच्याइतकं ताजं कुणाचं असणार?"

हे कौतुक होतं की टोमणा, यावर मी विचार करत बसले नाही. पोलादपूरहून रोज एसटीने ये-जा करणारीला तेवढी सवड नसते.

वर्ग कॉलेज सुटल्यावर भरायचा. दिवसभर बसून पोरं आंबलेली असायची, मीही. सगळ्यांचे कान स्टँडच्या दिशेला. गावची गाडी लागायची वेळ झाली की ज्याची त्याची बॅग खांद्यावर चढायची. मग फळ्यावर टाकी अर्धी भरलेली असो नाहीतर आगगाडी बोगद्यात अडकलेली असो. मी रागावत नसे. ती गाडी चुकली तर त्यांना घरी कोण नेणार होतं?

तुडीलची एक मुलगी मात्र शेवटपर्यंत बसायची. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. घर बौद्धवाडीत, वडील एमआयडीसीत कंत्राटी कामाला. शाळेपासून तिने गणित पाठ केलं होतं, त्यामुळे आकडे बदलले की तिचं सगळंच कोसळायचं. मी वर्गाला एक सवय लावत होते. प्रश्न वाचला की लगेच पेन उचलायचं नाही. काय विचारलंय ते आधी आपल्या बोलीत सांगायचं. एकदा नात्यांच्या प्रश्नाला तिला उभं केलं. फोटोतल्या मुलाकडे बोट दाखवून एक बाई म्हणते, 'याच्या आईच्या वडिलांची मी एकुलती एक मुलगी.' तर ती त्याची कोण?

मुलीने आधी बोटांवर नाती मोजली. मग म्हणाली, "मॅडम, ती त्याची आईच हाय. मग सरळ 'माझा मुलगा' म्हनायला काय होतं तिला? येवढा फेरा कशाला?"

वर्ग खो खो हसला. बऱ्याच दिवसांनी मीही हसले. त्या दिवसापासून ती प्रश्नांशी भांडायला लागली, आणि भांडता भांडता सोडवायला. इंग्रजी उतारा वाचून झाला की मला मराठीत सांगायची, चुकलं की पुन्हा वाचायची. तिला एखादी गोष्ट तिसऱ्यांदा समजावताना माझा आवाज बसलेला असायचा, पण तिच्यासाठी थांबणं मला जड गेलं नाही.

पावसाळा सरता सरता बारावी पासवर लिपिकांची भरती निघाली. मी वर्गातल्या सगळ्यांना अर्ज भरायला लावले आणि घरी जाऊन माझाही भरला. वयात बसायचं माझं ते शेवटचं वर्ष होतं. वर्गात बोलले नाही. कसं सांगायचं तेच सुचलं नाही.

केंद्र पनवेलच्या पुढे आलं. हायवेच्या खड्ड्यांनी अंग खिळखिळं करून एसटीने सोडलं तेव्हा गेट उघडायला अवकाश होता. बाहेरच्या कट्ट्यावर एक बाई डबा मांडीवर घेऊन बसली होती. मी शेजारी टेकले.

"कुठनं आलीस गो?" तिने विचारलं.

"पोलादपूरहून."

"म्हंजे आमच्याच बाजूची! आमी तुडीलची. पोरगी तोंड धुवायला गेलीय. तू पयल्यांदाच बसतेस?"

"नाही हो. कितव्यांदा ते मोजायचं सोडलंय."

"असूदे. आधी भाकर खा. रिकाम्या पोटी डोकं चालत नाय."

तिने तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे केली. मी खायला लागले. तेवढ्यात मुलगी आली, आणि मला बघून जागच्या जागी थबकली.

"आई, या आमच्या मॅडम."

बाईने घाईघाईने पदर सावरला. "मॅडम? मग तुमी कशाला वो पेपरला?"

"ताई, मलाही कायमची नोकरी हवीच आहे," मी म्हटलं.

मुलीने मान खाली घातली. तिची आई मात्र आणखी अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "मग नीट खावा."

आत संगणकावर आठ माणसं गोल टेबलाभोवती बसवायचा प्रश्न आला. असले प्रश्न मी जूनपासून शिकवत होते. उत्तर निघालंही, पण मला तिथून हलता येईना. दुसऱ्या रीतीने ताळा घेतला, मग तिसऱ्या, जणू समोर वर्ग बसलाय आणि मागच्या बाकावर कुणाला तरी कळलेलं नाही. वेळ संपली तेव्हा बरेच प्रश्न न उघडताच राहिले होते.

बाहेर मुलगी वाट बघत होती. "मॅडम, ते गोल टेबलवाले जमले?"

"जमले. तुला?"

"मी सोडूनच दिले. तुम्हीच सांगता ना, अडलं की पुढे जायचं."

परतीच्या एसटीत तिची आई पुढच्या बाकावर बसली आणि आम्ही दोघी तिच्या मागे एकाच बाकावर. माणगाव यायच्या आधीच तिचं डोकं माझ्या खांद्यावर कललं. मला झोप आली नाही.

निकालात तिचा नंबर लागला. माझा लागला नाही. ती पेढे घेऊन आली तेव्हा मी तिला जवळ घेतलं आणि मला खरंच आनंद झाला. मग तिला टाळून मी स्टाफरूमच्या मागच्या नळावर गेले आणि तोंडावर पाणी मारत राहिले. तिथे आनंद नव्हता. दोन्ही एकाच दिवशी, एकाच माणसाला झालं, एवढंच सांगता येतं.

पुढच्या आठवड्यात प्राचार्यांनी तिच्या अभिनंदनाच्या फ्लेक्सचा मजकूर मला मोबाइलवर तपासायला पाठवला. 'हार्दीक' होतं, ते मी 'हार्दिक' केलं. लगेच त्यांचा फोन आला. "मॅडम, पुढच्या वर्षी दोन बॅच करू. तुम्ही आहातच."

"आहे," मी म्हटलं. स्टँडवर पोलादपूरची गाडी फलाटाला लागत होती. खिडकीची जागा मिळाली आणि मी डोळे मिटले.