खुर्चीवरची उशी

चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात तो कॉम्प्युटरचा मेकॅनिक एकदाच आला. नाव मी विचारलं नाही.

आमचा नक्षी काढायचा जुना प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरवर चालत नाही. म्हणून मालकांनी कॉम्प्युटरच्या आत जुना कॉम्प्युटर चालवणारं एक सॉफ्टवेअर टाकलं होतं. ते बीटा, म्हणजे अजून चाचणीतलं, म्हणून फुकट. एकेक नक्षी उघडायला दहा मिनिटं लागायची, पुढे प्रत्येक रेघेला पुन्हा थांबावं लागायचं.

त्यानं चहा बाजूला सारला. सेटिंग बदलण्याआधी जुना आकडा तो तळहातावर पेनानं लिहायचा आणि बदलल्यावर घड्याळाकडे बघत बसायचा. तळहात भरला तेव्हा म्हणाला, "सर, हे कच्चं सॉफ्टवेअर सोताच्याच चुका टिपत बसतंय. कामाला जीव कुटनं उरंल? काढा हे, पक्कं टाका."

मग खुर्चीवरच्या विणलेल्या उशीकडे त्याचं लक्ष गेलं. "हितं आदी कोन बसायचं?"

"एक बाई होत्या. दिवसाला चार नक्ष्या काढायच्या."

"ह्याच्यावर चार? लई चिकाटीची बाई की वो!"

त्या बाईंना आम्ही गेल्या महिन्यात कामावरून काढलं. 'काम संथ' हा शेरा माझ्याच अक्षरातला. मशीन बघा, असं त्यांनी तीनदा सांगितलं होतं. त्यांच्या जागी मी स्वतः बसलो, तेव्हा कुठे मला मशीन संथ दिसलं.

आता पक्कं सॉफ्टवेअर आलंय. परवा मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "बाईंपेक्षा तुमचा हात भारी चालतो."

मी मान खाली घालून हसलो.