वडिलांना दिसलेला बिबट्या

आमच्या वडिलांइतकं तोंडावर खरं बोलणारा माणूस मराठवाड्यात दुसरा नसावा, आणि असलाच तर त्याच्या मुलाविषयी मला मनापासून सहानुभूती आहे. वजनमापे खात्यात जन्मभर दुकानदारांचे तराजू तपासून ते निवृत्त झाले, पण तपासणी काही थांबली नाही. पडेगावच्या आमच्या घरी कुणी "जेवण कसं झालं?" असं विचारत नाही, कारण ते सांगतात. माझ्या लग्नाच्या बैठकीत मुलीच्या मामांनी सहज चौकशी केली, तर हे म्हणाले, "आळशी हाये. बढाया मारतो. वाईट मात्र नाय." सोयरीक जमली ती शेवटच्या वाक्यावर, पहिली दोन वाक्यं बायको मला अजून ऐकवते. शेजारच्या चाचांनी दाढीला मेंदी लावली तेव्हा "डावीकडं रंग कमी बसलाय" असं वडिलांनी भर रस्त्यात सांगितलं. चाचा रागावतील असं मला वाटलं होतं, पण तेव्हापासून ते दर ईदच्या आधी दाढी दाखवायला येतात. "भाई, अब देखो," म्हणतात आणि निकालाची वाट बघत उभे राहतात.

वडील मूळचे सोयगावकडचे, गौताळ्याच्या डोंगराखालचे. त्यांच्या गावात बिबट्या न दिसलेला माणूस नाही. एकाला तर तो म्हणे जांभई देताना दिसला. वडिलांना कुणी विचारलं की ते सरळ सांगत, "मला नाय दिसला बुवा." भावकीत त्यांचं वजन यामुळे जरा कमीच राहिलं.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी काचबिंदूचं निदान केलं. उजवा डोळा जवळजवळ गेलेला, डावा जपायचा, आणि गेलेली नजर परत येत नाही. घरी आल्यावर मी सगळ्यांसमोर जाहीर केलं की डावा डोळा आहे तोवर दादांना, म्हणजे वडिलांना, बिबट्या दाखवणार. माझा जंगलाचा अनुभव मोबाईलपुरता. तरी सतरा खिशांची खाकी पँट, तसलीच टोपी आणि एक भारीपैकी दुर्बीण मी विकत घेतली.

वेरूळपर्यंत रस्त्यावर बसगाड्यांची रांग होती. पुढं कन्नड ओलांडून गौताळा अभयारण्यात शिरलो तेव्हा माणसं म्हणून आम्ही दोघं आणि वाटाड्या. त्यानं माझ्याकडं आपादमस्तक पाहिलं. "साहेब, बिबट्या दिसंल का सांगता येत नाय," तो म्हणाला, "पर तुम्ही त्याला लांबूनच दिसाल."

मी वाटेत वडिलांना झाडांची नावं सांगत होतो आणि मागून वाटाड्या ती दुरुस्त करत होता. एका घळीपाशी तो पाण्याकडं उतरला, आणि तेवढ्यात पलीकडच्या उतारावर, पळसाच्या बुंध्याशी, मला पिवळट पाठ दिसली. दुर्बीण घाईघाईनं वडिलांच्या हाती दिली.

"दादा, पळसाखाली बघा. दिसला?"

त्यांनी दुर्बीण डोळ्याला लावली. मधलं चाक पुढंमागं फिरवून पाहिलं.

"व्हय," मग ते हळूच म्हणाले. "दिसला. शेपटी हलवतोय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी दुर्बीण घेतली, डोळ्याला लावली, तर सगळा काळोख. पुढच्या भिंगांवरची टोपणं मी काढलीच नव्हती. ती काढल्यावर स्पष्ट दिसलं की ते वारूळ आहे.

दुसऱ्या कुणाचं असतं तर मी पोट धरून हसलो असतो. पण त्या काळोखात वडिलांना काय वाटलं असेल, हे एकदम लक्षात आलं. टोपणांचं सांगावं तर त्यांची थाप उघडी पडणार. न सांगावं तर दुर्बिणीतूनही दिसत नाही म्हणजे डावाही जायला लागला असं धरून ते घरी जाणार. मी दुर्बीण परत दिली. "आणखी एकदा बघा."

त्यांनी बघितलं, आणि त्यांचे ताठरलेले खांदे खाली आले.

"हे तर वारूळ हाये," ते म्हणाले.

"मग मघाशी?"

"तू लई आशेनं विचारलंस रं."

ते दुर्बीण खाली ठेवायला तयार नव्हते. "तीन टोकं हायेत. मधलं मोडलंय. डाव्या अंगाला सरडा बसलाय... मान हलवतोय बघ." एकेक गोष्ट सावकाश सांगत होते. वाटाड्या वर आला, त्याला मी हातानंच गप्प बसायला सांगितलं. टोपणं मुठीत धरून मी त्यांच्या शेजारी बसलो होतो, आणि त्यांनी सांगायचं थांबू नये, एवढंच मला वाटत होतं.